पाठीवर कोण वाहणार?

कर्नलसाहेबांच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते तिच्याकडे बघायच्या आधी तिला तोलत. तळहात दोनदा वर-खाली करत, ओठ घट्ट मिटत आणि मग विचारत, "पाठीवर कोण वाहणार?" लग्नात मिळालेली पितळी समई असो, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, हौसेनं आणलेला मिक्सर असो की माझी लेक असो. हो, माझी लेकसुद्धा. तिच्या बारशाला आमच्या घरच्यांनी मोठ्या मानानं बाळ त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी तेही तोललं. सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या. साहेब म्हणाले, "वजन बरोबर आहे. पाठीवर कोण वाहणार?" आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी नकळत पाठ ताठ केली. पुढं चार-पाच वर्षं, जत्रेत, बसस्टँडवर आणि कळंबच्या चिंतामणीच्या पायऱ्यांवर, ती पोरगी माझ्याच पाठीवर होती. एकदाही कुरकुर करायची हिंमत झाली नाही. ऑर्डर होती ना!

साहेब मूळचे कळंबचेच. वडील शाळामास्तर. पोरगा फौजेत गेला म्हणून गावानं मिरवणूक काढली होती म्हणतात. पण साहेबांनी रणगाडा चालवला नाही, की खंदकात बसून बंदूक झाडली नाही. फौजेला लागणारं सामान विकत घ्यायचं आणि घेण्याआधी तपासायचं, यात त्यांची सारी नोकरी सरली. आमच्यासारखे लोक डोळे मोठे करून विचारायचे, "साहेब, तुम्ही लढाई पाहिली?" ते म्हणायचे, "लढाई नाही पाहिली. पण लढाईवर जाणारे मोजे पाहिले. किती नापास केले ते विचारा."

निवृत्त झाल्यावर ते यवतमाळला दारव्हा रोडकडच्या आमच्या शांत गल्लीत घर बांधून राहिले. सैन्याला माल विकू बघणाऱ्या कंपन्यांना सल्ला देण्याचा त्यांचा विचार होता. पण निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीच्या आत असं काम करायचं तर सरकारची परवानगी लागते. बरोबरीचे काही जण ती मिळवून कामाला लागले. साहेबांनी मात्र ती मुदत सरेपर्यंत थांबायचं ठरवलं आणि तेवढ्या काळात घरामागे लिंबाची बाग लावली. त्यांनी प्रत्येक झाडाला सारखं पाणी दिलं, सारख्या अंतरावर आळी केली, आणि बाग एका रांगेत, शिस्तीत वाळली. काकू उमरखेडच्या. त्या म्हणायच्या, "झाडाले हुकूम समजत नाई, हे यायले कोण सांगन? फौजेतून आले, पण अर्धी फौज घरात घेऊन आले."

मुदत संपली तशा गल्लीत गाड्या येऊ लागल्या. नागपूरच्या, पुण्याच्या, दिल्लीच्याही. गाडीतून उतरणारा माणूस कोटात असायचा आणि आमच्या उन्हानं पाचच मिनिटांत कोटाबाहेर यायचा. त्याची कल्पना साधारण ठरलेली असे. निवृत्त कर्नल म्हणजे ओळखीचं भांडार, साहेब एक फोन फिरवतील आणि आपला माल फौजेत. साहेब त्याला लिंबू सरबत देत (लिंबं बाजारातली), माल तोलत, तोच प्रश्न विचारत आणि फोनचा विषय निघाला की उठून पंखा एकनं वाढवत. मग सावकाश म्हणत, "हे बघा, माझी ओळख विकायला नाही. माझी सवय विकायला आहे. परवडत असेल तर बसा."

बरेच जण उठून जायचे. पण जे बसायचे ते पुन्हा यायचे.

सवय म्हणजे काय, ते सगळ्या यवतमाळनं एकदा डोळ्यांनी पाहिलं. बुटांची एक कंपनी आली होती. साहेबांनी उजव्या पायात कंपनीचा नवा बूट घातला, डाव्या पायात स्वतःचा जुना फौजी बूट, आणि सकाळी चालत कळंबला निघाले. चिंतामणीचं दर्शन घेऊन चालतच परत. रस्त्यावरचे ओळखीचे लोक स्कूटर थांबवून विचारत होते, "साहेब, बरं वाटत नाई काय?" साहेब नुसते हात दाखवत पुढं जात होते. संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही पाय बादलीत सोडले आणि निकाल दिला, "गणपती पास. बूट कंडम." फोडही त्यांनी कंपनीच्या माणसाला दाखवला, आणि त्यामागचं बारकंसं कारणही. टाचेजवळची शिवण आतून वर आली होती. त्या माणसानं शिवण बदलली आणि पुढं बूट पास झाले, असं ऐकलं. तोवर गल्लीतली पोरं साहेबांना "एक पाय तिकडचा, एक पाय इकडचा" म्हणायला लागली होती.

मी हे सगळं लांबून, कौतुकानं आणि थोडं हसून बघत होतो. ते आपल्या पाठीवर येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या घरात सगळे नोकरदार. कोणी कलेक्टर कचेरीत, कोणी कोर्टात, कोणी शाळेत. वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो, त्यांनी तेवढी वेगळी वाट धरली आणि कापसाचं जिनिंग काढलं. कापसातून सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधायच्या. मी बी. कॉम. होऊन नागपूरला दोन नोकऱ्या सोडून (एक मी सोडली, एकीनं मला सोडलं) परत आलो, तेव्हा मोठ्या बाबांनी मला मॅनेजर केलं. म्हणजे बाहेरची माणसं आली की चहा सांगायचा आणि ती गेली की कप मोजायचे.

मग ती वर्षं आली. कापसाचा भाव बसला तो उठेचना. सरकारी खरेदी ढेपाळली. पांढरकवड्याच्या बाजूनं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथं ट्रक फक्त हैदराबादला जाता-येता दिसू लागले. संध्याकाळच्या बातम्यांत आमच्या जिल्ह्याचं नाव आलं की घरात कोणीतरी उठून टीव्ही बंद करायचं. आमचं जिनिंग हंगामातही अर्धे दिवस बंद. यंत्रांवर धूळ नव्हे, कबुतरं बसायला लागली. नागपूरचा एक भंगारवाला येऊन यंत्रं बघून गेला. मोठ्या बाबांनी त्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगितलं. ते हो नव्हतं, पण नाहीही नव्हतं.

जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये गाद्या-रजया भरायचं छोटं काम चालायचं. ते सोनीबाईच्या हाती होतं. सोनीबाई जवळच्या बंजारा तांड्यावरची. तिच्याबरोबर तांड्यावरच्याच बऱ्याच बायका येत. यंत्रं भंगारात गेली की शेडही जाणार, हे तिला न सांगता कळलं होतं. ती मला एकदा म्हणाली, "भाऊ, तुमचं काय, तुमी बाबूलोक. कुठंबी टेबल भेटन तुमाले. आमाले टेबल कोन देते?" माझी तोवर दोन टेबलं सुटली होती हे मी तिला सांगितलं नाही.

अशात मोठ्या बाबांच्या कानावर आलं की थंड प्रदेशातल्या फौजी चौक्यांसाठी आणि दवाखान्यांसाठी रजयांची खरेदी निघाली आहे. ते मला घेऊन थेट कर्नलसाहेबांकडे गेले.

"साहेब, तुमच्या हातची गोष्ट हाय. एक फोन लावा ना. तुमचं काय जाते?"

साहेबांनी पंखा एकनं वाढवला. "फोनवर रजई कशी दिसणार? आधी नमुना करा. मला दाखवा. मग पाठवा."

मोठ्या बाबांना 'आधी दाखवा' हा अपमान वाटला. कापसात जन्म गेला त्यांचा. त्यांनी घरी येऊन फर्मान काढलं की नमुना असा करायचा की बघणाऱ्याचे डोळे फाटले पाहिजेत.

आता जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. कापसाच्या धंद्यात वजनावरून शिव्या खाण्यात आमच्या पिढ्या गेल्या. शेतकरी म्हणतो काटा मारला, व्यापारी म्हणतो कापूस ओला आणला. त्यामुळं आयुष्यात एकदा कोणाला काही द्यायची पाळी आली, तर आपण कमी दिलं असं कोणी म्हणू नये, ही भीती हाडात भिनलेली. मोठ्या बाबांनी सोनीबाईची नजर चुकवून ठरल्या वजनावर थोडा चांगला कापूस जास्त टाकला. दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा मी शेडमध्ये गेलो. मनात म्हटलं, सरकारी काम आहे, मोठे बाबा हात आखडतील. मीही दोन ओंजळी टाकल्या. आणि शिवण घालायच्या आधी सोनीबाईनं आपल्या मनानं आणखी टाकला, आणि एका कोपऱ्यात लाल-पिवळ्या धाग्यानं फूल काढलं. तिघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. पुण्य गुपचूप करायचं असतं ना.

साहेबांना न दाखवताच नमुना गेला. तो परत आला तेव्हा शेरा एवढाच होता: नापास, वजन जास्त, अनधिकृत नक्षी.

मोठे बाबा तो शेरा हातात घेऊन अंगणभर फिरले. "जास्त हाय म्हनून नापास? कमी हाय म्हनून नापास झालेलं जिंदगीभर आयकलं. जास्त दिलं तर कोनी नापास करते काय बे? काहून?" तो 'बे' मला होता. माझ्या ओंजळी चेहऱ्यावर दिसल्या असाव्यात, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू पन टाकला?" मी मान हलवली. मग आम्ही दोघांनी सोनीबाईकडे बघितलं. ती पदर सावरत म्हणाली, "कोन्या याडीचा छोरा असन तो, बाबा. दवाखान्यात पडला असन. थंडी वाजन ना त्याले." याडी म्हणजे आई, छोरा म्हणजे पोरगा, हे तिनं आम्हाला सांगितलं नाही. ते आम्हाला येतच होतं.

रजई घेऊन आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी ती दोन्ही हातांनी तोलली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ही रजई आहे की वासरू?" मग जिनिंगच्या आवारात येऊन त्यांनी रजईची गुंडाळी केली, दोरीनं बांधली आणि मोठ्या बाबांना म्हणाले, "पाठीवर घ्या."

"म्या?"

"मग कोण? रस्ता जिथं संपतो तिथून वर माणूसच वाहतो. त्याच्या पाठीवर त्याची रजई, त्याचं जेवण, त्याचं पाणी. तुम्ही एक ओंजळ जास्त दिली म्हणजे त्याची एक ओंजळ दुसरी कुठली तरी कमी झाली. चला."

माझ्या आठवणीत मोठ्या बाबांनी पानाच्या डब्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. ते रजई पाठीवर घेऊन आवाराला फेऱ्या मारू लागले. सोनीबाई आणि तिच्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. एका फेरीनंतर साहेबांनी त्यांच्या खांद्याला पाण्याची बाटली अडकवली. पुढच्या फेरीला माझी पिशवी. मग आणखी काही. मोठे बाबा घामानं निथळत कबुतरांच्या शेडपाशी थांबले, ओझं खाली टाकलं आणि म्हणाले, "समजलं, बापा. समजलं." सोनीबाई हळूच म्हणाली, "आमचे आजे बैलाच्या पाठीवर मीठ-धान्य घेऊन मुलूख फिरत होते. बैलाले पन इतकं नोको." साहेब पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "बाई, हे तू आधी बोलली असतीस तर!" ती म्हणाली, "मले कोनी इचारलं?"

फुलाचं मात्र त्यांनी काहीच ऐकून घेतलं नाही. सुंदर आहे म्हणाले, पण नियमात नाही. एकाला फूल आणि दुसऱ्याला नाही, असं फौजेत चालत नाही.

पुढची खरेदी निघायला काही महिने होते. तेवढ्यात साहेबांनी आम्हाला तयार करायला घेतलं. मे महिना होता. आमच्याकडचा मे म्हणजे डांबर बुटाला चिकटतं आणि कुत्री गटारात झोपतात. भर दुपारी साहेब आले, डोक्याला लोकरीची कानटोपी, आणि म्हणाले, "मॅनेजर, चल. रजया घे." आम्ही गावातल्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. मालक मोठ्या बाबांच्या ओळखीतला. ही ओळख साहेबांना चालली, कारण त्यात काही विकायचं नव्हतं. लाद्या ठेवायच्या खोलीत फळ्या टाकल्या, ठरल्या वजनात नव्यानं भरलेल्या दोन रजया पसरल्या. एकीखाली साहेब, एकीखाली मी. मला काम दिलं होतं की थंडी आधी कुठून शिरते ते लक्ष ठेवून सांगायचं.

बाहेरच्या भट्टीतून मी आत आलो होतो. सांगायला लाज वाटते, पण तो गारवा अंगाला लागला आणि महिनाभरात पहिल्यांदा मला अशी झोप लागली की मी घोरलो. जाग आली ती साहेबांच्या काठीनं. "तू झोपलास म्हणजे रजई पास. पण पहाऱ्यावर झोपलास, म्हणून तू कंडम." मग त्यांनी स्वतःच सांगितलं. थंडी वरून नाही, पायाकडून येत होती. रजई झटकली की कापूस खाली सरकून गोळा होत होता आणि मधे नुसतं कापड उरत होतं. सोनीबाईच्या बायकांनी टाके जवळजवळ घातले, आडवे-उभे, नियमात बसतील तेवढेच. पुन्हा बर्फात, पुन्हा टाके. बर्फवाल्यानं शेवटी हात जोडले. "साहेब, तुमी दोघं आत झोपता, अन् बाहेर गिऱ्हाईक इचारते, लाश ठेवली काय?"

नमुना गेला. पास झाला. छोटीशी का होईना, पुरवठ्याची ऑर्डर आली. मोठ्या बाबांनी भंगारवाल्याला निरोप पाठवला की यंदा नको. पण साहेब म्हणाले, "अजून हसू नका. माल निघायच्या आधी तपासणी आहे. त्यात एक गाठोडं कमी-जास्त निघालं तर सगळा माल परत, आणि मग पुन्हा तुम्हाला कोणी विचारणार नाही." आमच्यासारख्यांना दुसरी संधी मिळाली हेच पुष्कळ होतं. तिसरी नव्हती. शेडमधल्या प्रत्येक बाईला ते माहीत होतं. ती घातलेले टाके दोनदा मोजत होती.

तपासणीला कोण येणार हे कळलं तेव्हा साहेबांनी उठून पंखा एकनं वाढवला. तो अधिकारी एकेकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेला. मोठ्या बाबांचा चेहरा उजळला. साहेबांचा नाही. ते म्हणाले, "त्या दिवशी मी गावात असणं बरं नाही." आणि त्या दिवशी सकाळी ते चालत कळंबला निघून गेले. काकूंनी आम्हाला नंतर सांगितलं, "या टाइमाले दोनी बूट एकाच जोडीचे घातले होते. मले वाटलं, आता सुधारले."

अधिकारी आला. तरुण, कमी बोलणारा, हिंदीत बोलणारा. त्यानं गाठोड्यांवर नजर टाकली, उघडायची काही निवडून बाजूला काढायला सांगितली. मी चहा सांगितला. माझं काम तेवढंच. आणि तेवढ्यात मोठ्या बाबांना राहवलं नाही. ते खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून म्हणाले, "साब, हमारे कर्नलसाब आपको अच्छे से जानते. घर के ही समझो."

अधिकाऱ्यानं नाव विचारलं. मोठ्या बाबांनी सांगितलं. तो ताडकन उभा राहिला. मोठे बाबा माझ्याकडे बघून डोळ्यानंच म्हणाले, बघ! मग तो अधिकारी शांतपणे म्हणाला, "सर ने हमको एक बात सिखाई थी. जो मेरा नाम लेके आए, उसका माल दुगना खोलना." आणि निवडलेल्या गाठोड्यांशेजारी तेवढीच आणखी काढायला लावली.

मोठे बाबा खुर्चीत असे बसले, जणू पुन्हा ती रजई पाठीवर आली. काटा मांडला. एकेक रजई तोलली जायची, टाके मोजले जायचे, कोपरे उलटे करून बघितले जायचे. सोनीबाई दाराशी उभी. प्रत्येक रजई काट्यावर चढली की तिचे ओठ हलत. मला वाटलं देवाचं नाव घेते. नंतर कळलं, ती मोठ्या बाबांना शिव्या देत होती. दुपार कलली, तरी तो माणूस उघडतच होता. एकाही रजईत ओंजळ जास्त नव्हती, ओंजळ कमी नव्हती. कोपऱ्यात कुठं फूल नव्हतं. शेवटची तोलून झाल्यावर त्यानं पहिल्यांदा चहाचा कप उचलला. तो केव्हाच गार झाला होता. "ठीक है," म्हणाला. "माल भेजिए."

निघताना त्यानं विचारलं, "सर कहाँ हैं?" मी सांगितलं, कळंबला गेलेत, चालत. तो हसला. "जाना ही था उनको." त्याची जीप नागपूरकडे निघाली. रस्ता कळंबवरूनच जातो.

संध्याकाळी मोठे बाबा आणि मी साहेबांकडे गेलो. साहेब अंगणात पाय बादलीत सोडून बसलेले. मोठे बाबा उभ्यानंच म्हणाले, "साहेब, चूक झाली. तोंडातून तुमचं नाव निंगलं."

"मग? किती उघडल्या?"

"दुप्पट."

"पास?"

"समद्या."

साहेब बादलीत पाय हलवत राहिले. "म्हणजे माझ्या नावाचा उपयोग झाला म्हणायचा," ते म्हणाले. मग कोणाकडे न बघता, "रस्त्यात जीप भेटली त्याची. हळू झाली. थांबली नाही. चांगला निघाला पोरगा." काकू आतून म्हणाल्या, "म्हनून डोळे पुसून राह्यले का?" साहेब म्हणाले, "धूळ उडाली जीपची."

फीचा विषय आम्ही काढला, तर साहेबांनी ती पहिली, नापास झालेली रजई मागितली. फुलाची. "कंडम माल खात्यात जमा करावा लागतो," असं म्हणून ती त्यांनी घरी नेली. काकूंनी आम्हाला सांगितलं की हे गृहस्थ आता थंडीत तीच घेऊन झोपतात. "साऱ्या दुनियेले हलकं करा म्हनते, अन् आपन वासराखाली झोपते."

जिनिंग पहिल्यासारखं कधीच चाललं नाही. पण मागची शेड चालली. दवाखाने, वसतिगृहं, धर्मशाळा. हळूहळू शेडनं जिनिंगला पोसलं. आज यंत्रांच्या जागेवरही गाद्यांचं काम चालतं. सोनीबाईची सून आता काट्यापाशी बसते आणि मलाच दटावते, "भाऊ, हात काढा तिथून. ओंजळी टाकायची सवय गेली नाई तुमची." मला आता खरंच मॅनेजर म्हणतात, आणि चहा दुसरं कोणीतरी सांगतं. मला अजून कोणी माल दाखवायला आलं की माझा तळहात आपोआप दोनदा वर-खाली होतो. बायको म्हणते, दाखवू नको लोकांना, साहेबांची नक्कल करतोस असं वाटतं. नक्कल नाही ती. मला दुसरं काही येतच नाही.

साहेबांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांच्या लेकीनं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. घरातलं सामान काढताना त्यांनी आयुष्यभराचा प्रश्न आपल्याच वस्तूंना विचारला. समई, मिक्सर, फ्रेममधले फोटो, पदकांची पेटी. "पाठीवर कोण वाहणार?" असं म्हणत एकेक वस्तू शेजारीपाजारी वाटून टाकली. मला त्यांचा जुना डावा बूट मिळाला. उजवा काकूंनी आधीच फेकला होता.

धामणगाव स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला मी गेलो. दोन हलक्या बॅगा, आणि एक दोरीनं बांधलेली गुंडाळी. मी ती ओळखली. फुलाचा कोपरा मुद्दाम बाहेर ठेवला होता.

हमाल धावत आला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. पूल चढायचा होता. पलीकडच्या फलाटावर गाडी लागायची होती. त्यांनी ती गुंडाळी उचलायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर थांबले आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. पहिल्यांदाच विचारला नाही.

मी वाकलो, दोरी खांद्यात अडकवली आणि उठलो. आमच्या तिघांच्या ओंजळी होत्या त्यात, आता सांगतो, चांगल्याच जड होत्या. पूल चढताना मला धाप लागली. मागून काठीचा आवाज येत होता, आणि त्याच्याही मागून काकूंचा, "हळू चाल रे बापा, घाई नाई."